शिवेवरचा विस्तव

१

"बाय, उद्याचा दिस पाहुणीला थांबवा," पोरीला सांभाळणारी सुकी म्हणाली, तेव्हा अंबू दुधावरची साय वाटीत काढत होती. पाहुणीसाठीच.

"का गं?"

"उद्या पाड्याचा गावदेव हाय. शीव बांधतील. मानूस जाईल, येईल. पन इस्तू नाय जायचा शिवेभायर."

"फटफटीवर शेगडी पेटवून थोडीच चालली आहे ती!" अंबू हसली आणि विषय तिथेच मोडला.

खरं कारण हसण्याचं नव्हतंच. पाहुणी, म्हणजे दमयंती, उद्या उजाडता उजाडता गेली पाहिजे, हे अंबूनं आल्या घटकेलाच ठरवलं होतं. आणखी एक अख्खा दिवस? नको रे बाबा.

छत्तीस सालचा चैत्र. जव्हार संस्थानचा मोखाड्याकडचा शेवटचा नाका म्हणजे एक आडकाठी, एक टेबल आणि मागे नाकेदाराचं कौलारू घर. आडकाठीच्या अलीकडे महाराजांचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं. मधे शेंदूर फासलेला एक दगड. दिवसाला चार बैलगाड्या जायच्या. त्यांचे परवाने बघून शिक्का मारायचा, हे दिगंबररावांचं काम. आणि त्यांची बी. ए. झालेली बायको अंबू सात महिन्यांच्या छबूला मांडीवर घेऊन त्या गाड्या मोजायची.

अशा ठिकाणी संध्याकाळी फट्फट् आवाज करत एक लाल टाकीची मोटारसायकल येऊन थांबली. वरून तुमान घातलेली, धुळीनं पिवळी झालेली बाई उतरली आणि म्हणाली, "अंबे! अगं, ओळखलंस का?"

पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत काढलेली दमयंती! मुंबईहून एकटी निघाली होती. नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर करत थेट पेशावरपर्यंत जाणार होती. हाच बेत दोघींनी कॉलेजात असताना भूगोलाच्या वहीत आखला होता. दोघींनी.

"शिरपामाळावर थांबले होते," दमयंती सांगत होती. "केवढा वारा तिथे! म्हटलं, अंबू रोज येत असेल इथे."

अंबू लग्न होऊन तीन वर्षं इथे होती. शिरपामाळ तिनं एकदाच पाहिला होता, तोही बैलगाडीच्या ताट्यातून, ओकाऱ्या काढत.

२

रात्रीच्या जेवणाआधी ओसरीवर मैफलच भरली. दिगंबरराव एरवी घरात चार शब्द बोलत नसत. आज प्रश्नावर प्रश्न विचारत होते. शिपाई बुध्या खांबाला टेकून उभा होता, आचारी तुका दारात, आणि सुकी छबूला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात.

"एकटीला भीती नाही वाटत?" दिगंबरराव.

"भीती बिघाडाची. म्हणून सगळं दुहेरी ठेवते. दोन पान्हे, दोन ट्यूबा, दोन साखळ्या. रस्त्यात कोण देणार?" दमयंतीनं गाडीच्या पोटातून बोटाएवढी एक वस्तू काढून तळहातावर धरली. "आणि मुक्काम पडला की हा प्लग काढून घेते. गाडीचा विस्तव इथे असतो. इथे ठिणगी पडते, मग गाडी जिवंत होते. हा काढला की नुसतं लोखंड!"

"येवढ्याशात इस्तू?" बुध्यानं वाकून पाहिलं.

"याच्याशिवाय ही शिवेपलीकडे वीतभर जायची नाही."

दिगंबररावांनी प्लग हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग दमयंतीकडे पाहिलं. ते पाहणं अंबूनं टिपलं. ते काही वावगं नव्हतं. पण तसं त्यांनी अंबूकडे शेवटचं कधी पाहिलं, ते तिला आठवेना.

तेवढ्यात छबू रडू लागली. अंबूनं हात पुढे केले. छबूनं आईकडे एकदा बघितलं, तोंड फिरवलं आणि सुकीच्या मानेला घट्ट मिठी मारली.

"अय्या!" दमयंती हसली. "आई कोण हिची नक्की?"

सगळे हसले. अंबूही हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

३

सकाळी दमयंतीनं वळकटी बांधली, तेव्हा प्लग पांढऱ्या रेशमी रुमालात माजघरातल्या कोनाड्यात होता. तिनं हात लावून पाहिला आणि मागच्या अंगणात न्हाणीकडे गेली. परत येऊन रुमाल उचलला तर तो हलका लागला. घडी जशीच्या तशी. आत प्लग नाही. फक्त पाच-सहा तांदूळ.

"अंबे," ती हळूच म्हणाली, "थट्टा पुरे."

"कसली थट्टा?"

दिगंबररावांचा आवाज चढला. संस्थानच्या नाक्यात, नाकेदाराच्या घरात, पाहुणीच्या सामानाची चोरी! दुपारी फौजदार दौऱ्यावर यायचे होते. नोकरी जाईल!

त्यांनी एकेकाला समोर उभं केलं.

"मी ओसरीवर दाढी करत होतो," ते स्वतःच आधी म्हणाले. "दार माझ्यासमोर. माझ्यादेखत कोणी आत गेलं नाही."

तुका आचारी वैतागलेलाच होता. "मी सैपाकघर सोडलंच नाही, साहेब. उलट माझीच पंचाईत! चूल विझली म्हणून पाड्यावर विस्तव मागायला गेलो भल्या पहाटे, तर एक घर द्यायला तयार नाही. रोज देतात, आज दारं लावून घेतली. शेवटी काडी ओढली, तीही सादळलेली."

"मी न्हाणीपाशी दमूला पाणी काढून देत होते," अंबू म्हणाली.

"मग माजघरात होतं कोण?"

माजघराच्या मागच्या दाराशी, उन्हाच्या तिरिपेत, सुकी रोजच्यासारखी छबूला तेल लावत बसली होती. ते अंबूनं न्हाणीपासून पाहिलं होतं. पाय लांब सोडलेले, त्यांवर पालथी छबू, कोपरापर्यंत तेलानं माखलेले हात. आणि छबू खिदळत होती. आईजवळ ती तशी खिदळत नसे.

"सुकी होती," अंबू म्हणाली. "एकटी."

शब्द तोंडातून गेला. सुकीनं मान वर केली.

"मी नाय घेतला, बाय."

"मग कोणी घेतला? तू तिथेच होतीस ना?" दिगंबरराव ओरडले. "बोल!"

सुकीनं छबूला छातीशी धरलं. "सांजंला सांगंन. आता नाय सांगायचा."

"म्हणजे माहीत आहे! बघा!"

त्यांनी छबूला तिच्या हातातून काढून अंबूकडे दिलं आणि सुकीला धान्याच्या कोठीत घालून बाहेरून कडी लावली. फौजदार आले की त्यांच्या हवाली करायचं. मग जव्हारच्या कोठडीत किती दिवस, ते देवाला माहीत. चोरीचा डाग लागलेल्या पाड्यावरच्या बाईला पुन्हा कोण दारात उभं करणार?

कडी पडली आणि छबूनं हंबरडा फोडला.

४

छबू थांबेना. अंबूनं घुटी दिली, खुळखुळा वाजवला, मागच्या अंगणात फेऱ्या घातल्या. पोर निळी पडेपर्यंत रडत होती आणि दर वेळी कोठीच्या दाराकडे हात करत होती. आतून आवाज नव्हता. सुकी रडतही नव्हती.

दमयंती मागून आली. "अंबे, आता तरी दे. त्या बिचारीचा जीव जाईल."

"मी घेतला असं वाटतं तुला?"

"कालपासून बघतेय ना मी तुझे डोळे! मी पेशावर म्हटलं की तुझी भाकरी हातातच राहते. मला जाऊ द्यायचं नाही तुला. बेत दोघींचा होता आणि मी एकटी निघाले. हेच ना?"

अंबूच्या अंगाची लाही झाली. उत्तर ओठांवर होतं आणि ते देता येत नव्हतं. काय म्हणायचं? की मला तर तू उजाडताच जायला हवी होतीस? की माझा नवरा तुझ्याशी बोलतो तसा माझ्याशी बोलत नाही, म्हणून मी देवाला हात जोडत होते तुझी फटफटी चालू व्हावी म्हणून? या घरात प्लग न चोरण्याचं सगळ्यात पक्कं कारण एकट्या अंबूकडे होतं, आणि नेमकं तेच सांगण्यासारखं नव्हतं.

ती माजघरात गेली. छबू खांद्यावर कुंथत होती. अंबूनं रुमाल उचलून उजेडात धरला.

पांढरं रेशीम. तेलाचा एक ठिपका नाही.

हे नवं नव्हतं. हे तिला सकाळपासून ठाऊक होतं! कोपरापर्यंत तेल असलेला हात रेशमाची घडी मोडून परत घालतो आणि डाग पडत नाही? आणि तेल लावलेलं सात महिन्यांचं मूल पायांवरून कोणती बाई खाली सोडते? घसरून टाळू आपटेल! हे मामलेदाराला कळणार नाही, फौजदाराला कळणार नाही. आईला कळतं. अंबूला कळलं होतं. तरी तिनं म्हटलं होतं, सुकी होती, एकटी.

मग आत आलं कोण?

तिनं कोनाड्याकडे पाहिलं. रुमाल होता तो कोपरा. बाजूचा कोपरा रिकामा. तिथे नाक्याच्या शिक्क्याची पेटी असते. टेबलाला वाळवी लागली म्हणून ती रात्री घरात ठेवायची. अंबूनं खिडकीतून बाहेर पाहिलं. पेटी नाक्याच्या टेबलावर होती.

"अहो!" तिनं ओसरीकडे हाक मारली. "शिक्क्याची पेटी टेबलावर चालत गेली का?"

"काय विचारतेस! बुध्यानं नेली, रोजच्यासारखी."

"तुम्ही म्हणालात, कोणी आत गेलं नाही."

दिगंबररावांनी परवान्यांच्या वहीतून मान वर काढली. "बुध्या म्हणजे... तो काय कोणी आहे? तो रोजच जातो."

अंबू छबूला घेऊन तशीच बाहेर पडली, डोक्यावर पदरही न घेता.

५

रस्त्यावर, आडकाठीच्या थोडं पुढे, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. काल ते नव्हतं. त्याखाली शेंदूर फासलेल्या दगडापाशी बुध्या उकिडवा बसला होता. संस्थानचा पट्टा काढून त्यानं बाजूला गुंडाळून ठेवला होता. एरवी त्याच्या तोंडातली विडी आंघोळीलाही सुटत नसे. आज ती कानावर होती, न पेटवलेली.

"बुध्या, शीव तू राखतोस?"

"माझा बाप राखायचा. आता मी." तो उठला नाही. "सुकीला कोंडली ना? तोरण सोडलं की मी येनारच होतो सांगायला."

"तोपर्यंत फौजदार तिला घेऊन गेले असते!"

"सांजंपर्यंत शिवंचा काम बोलायचा नाय, बाईसाहेब. ज्यानं केला त्याचा नाव घ्यायचा नाय. घेतला तर बांधलेली शीव सुटते. मंग पावसाळाभर वाघ, पटकी, सगला आत येतो. सुकी मोखाड्याकडची हाय, तरी तिनं पालला."

अंबू दगडासमोर बसली. दगडाच्या पायाशी पळसाचं एक पान उपडं होतं आणि भोवती तांदूळ. तिनं विचारलं, "उचलू?"

"मी नाय म्हनलो तर?"

"तर सुकी कोठडीत जाईल."

बुध्यानं छबूकडे पाहिलं. छबूचं रडणंही आता घोगरं झालं होतं. मग त्यानं स्वतःच पान उचललं. खाली, कुंकवाचं बोट लागलेला, दमयंतीचा प्लग.

"चोरी नाय केली. पाहुनीनंच सांगला, हिचा इस्तू यात हाय. आज इस्तू शिवंच्या भायर गेला तर पाड्याच्या चुली वरीसभर नीट पेटत नाय. म्हनून देवाजवल ठेवला. त्याच्या बदली तांदूल ठेवला. सांजंला धुऊन देनार होतो."

६

ओसरीवर अंबूनं सगळं सांगितलं: तेल, पेटी, पाड्यानं नाकारलेला विस्तव, तांदूळ. चोर माल नेतो, त्याच्या बदल्यात धान्य ठेवत नाही. दिगंबररावांनी दोनदा घसा खाकरला आणि कोठीची कडी काढायला तुकाला पाठवलं. स्वतः गेले नाहीत.

"वा, अंबे!" दमयंती म्हणाली. "फौजदाराच्या जागी तूच बस."

"थांब, दमू. अजून एक राहिलंय." अंबूनं छबूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "काल तू म्हणालीस, सगळं दुहेरी ठेवतेस. पान्हे दोन, ट्यूबा दोन, साखळ्या दोन. मग ज्याच्याशिवाय गाडी वीतभर हलत नाही, तो प्लग एकच?"

दमयंतीचा चेहरा उतरला. तिनं हत्यारांची पिशवी उघडली. मेणकागदात गुंडाळलेला कोरा प्लग होता.

"म्हणजे सकाळीच निघू शकली असतीस."

"हो."

"सुकी कोठीत असताना तू इथे बसून चहा प्यायलीस!"

"मला वाटलं तू घेतलास," दमयंती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "आणि खरं सांगू? बरं वाटलं मला. मुंबईपासून इथपर्यंत लोक मला वेडी म्हणतायत. हेवा कोणीच केला नव्हता. इथे येऊन बघते तर तुझं घर, तुझी सायीची वाटी, तुझी पोर. रात्रभर झोपले नाही मी. सकाळी प्लग गेला, तेव्हा म्हटलं, चला, तिलाही माझ्याजवळचं काहीतरी हवंय. ते तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मला निघवेना."

अंबूनं कोरा प्लग मेणकागदात परत गुंडाळून तिच्या हातावर ठेवला. हेवा दोघींचाही होता, आणि तो दोघींनाही दिसला होता.

सुकी दारात येऊन उभी राहिली. केसांत कोंडा, कपाळावर घाम. छबूनं तिला पाहताच दोन्ही हात पसरले. सुकीनं तिला घेतलं, छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. पोर पाच श्वासांत झोपली. मग सुकीनं झोपलेली छबू अंबूच्या मांडीवर ठेवली.

"बाय, तुमी न्हानीपाशी व्हत्या. तुमाला दिसत व्हता मी तेल लावीत व्हते."

अंबूनं मांडीवरच्या छबूकडे पाहिलं. कोणी घेतला, ते तिनं शोधून काढलं होतं. आपण सुकीचं नाव का घेतलं, हे तिला शोधावं लागलंच नाही. पोरीनं तोंड फिरवलं होतं, म्हणून. एवढ्यासाठी एका बाईला तिनं कोठडीच्या दारापर्यंत नेलं होतं.

"सुके, चुकलं माझं," ती म्हणाली.

"व्हय," सुकी म्हणाली.

दुपारी फौजदार आले, पन्हं पिऊन गेले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. सुकी दिवसभर अंगणातल्या फणसाखाली बसून होती. ऊन उतरल्यावर पाड्यावरचा भगत आला. त्यानं तोरण सोडलं आणि बुध्यानं कानावरची विडी पेटवली. त्यानं धुऊन दिलेला प्लग दमयंतीनं बसवला, लाथ मारली, गाडी धडधडली. दिगंबररावांनी परवान्यावर शिक्का मारला, मान वर न करता.

तेवढ्यात सुकी उठली. घोंगडी काखोटीला मारली आणि नीट फटफटीपाशी गेली.

"माझा माहेर वाटंवर हाय. मोखाड्याच्या अलीकडं. करंजपाडा. न्याल?"

"मी एकटीच जाते गं, तसा पण केलाय." दमयंतीनं अंबूकडे पाहिलं, मग सुकीकडे. "बैस. घट्ट धर."

अंबू छबूला घेऊन आडकाठीपर्यंत धावली. "सुके, उद्या येशील ना?" इंजिनच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं असेल असं नाही. बुध्यानं आडकाठी वर केली. गाडी दगडाला वळसा घालून इंग्रजांच्या मुलखात उतरली. मागे बसलेल्या सुकीचा हात दमयंतीच्या खांद्यावर होता. पहिल्या वळणावर घोंगडीचं टोक उडालं, ते तिनं सावरलं. मागे मात्र वळून पाहिलं नाही.

दमयंतीची पत्रं आली, नाशिकहून एक, इंदूरहून एक. सुकीला करंजपाड्याच्या फाट्यावर उतरवलं, एवढंच त्यांत होतं. करंजपाड्याहून काही आलं नाही. बुध्याला विचारलं की तो म्हणतो, असंल बरी. दिगंबरराव म्हणतात, दुसरी बाई बघू. छबू आता रांगते. रांगत कोठीच्या दाराशी जाते, आणि अंबू तिला उचलून आणते.

अंबू स्वतः जाऊ शकत नाही असं नाही. सुकीनं दार लावून घेतलं तर, याची तिला भीती वाटते. म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. मोखाड्याच्या वाटेनं कोणी जाणार असाल, तर करंजपाड्याच्या फाट्यावर घटकाभर थांबा. सुकीचं घर विचारा. नाक्यावरून आलो म्हणू नका, पाणी मागा. ती पाणी द्यायला बाहेर आली तर तिच्याकडे नीट बघा. अंगानं भरली आहे की वाळली आहे, हसते का, कोणाचं पोर तिच्या खांद्यावर आहे का. आणि जाता येता, जमेल तेव्हा, नाक्यावर थांबून अंबूला तेवढं सांगून जा.